आमच्या राघूची हकीकत

आमच्या घराच्या मागील पडवींत एक लोखंडी पिंजरा आहे. त्याचें दार काढून टाकलेलें असून आंत हल्लीं कांदे ठेवतात. पूर्वीं त्यांत चौदा वर्षें एक पोपट होता. तो तेथें कसा आला व तेथून कां गेला, ही हकीकत वार्षिकासाठीं लिहून द्यावी असा संपादक-मंडळांतील मुलांनीं आग्रह धरला. प्रथम आम्हीं नाहीं म्हटलें. शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांपुढें आपल्याच गुन्ह्याची कबुली द्यावी, हें कांहीं सुखाचें काम नव्हे. परंतु ज्या वर्गांत ही गोष्ट उघडकीस आली, त्या वर्गांतील सर्व मुलांना ती ठाऊकच आहे. तेव्हां त्यांच्या तोंडून तिखटमीठ लागून ती पालकांच्या कानीं जाण्यापेक्षां आमच्याच लेखणीनें गेलेली बरी, असा विचार करून लिहावयास बसलों आहों.

सन २००९ च्या चैत्र महिन्यांत आमच्या गांवीं जत्रा भरली होती. रेवड्या, बांगड्या, पिपाण्या यांचीं दुकानें ओलांडून आम्ही मोठ्या पाळण्याच्या मागील बाजूस गेलों, तों एक मनुष्य पाटीवर ओलें फडकें टाकून बसलेला दिसला. आम्ही जवळ जातांच त्यानें इकडे तिकडे पाहिलें व फडक्याचें टोक उचललें. खालीं पोपटाचीं दहाबारा पिलें एकमेकांस बिलगून बसलीं होतीं. कांहींच्या अंगावर पिसें पुरतीं फुटलेलीं नव्हतीं. दोन तर मान टाकून पडलीं होतीं. जो चोख माल विकतो तो त्यावर फडकें कशास घालील, हा प्रश्न आमच्यासारख्या शास्त्रविषयाच्या शिक्षकाला त्या वेळीं पडावयास पाहिजे होता. पण पडला नाहीं. “पहाडी आहे, साहेब. खांद्यावरचा तांबडा पट्टा बघा. पहाडी माणसागत बोलतो,” असें म्हणून त्यानें एक पिलूं आमच्या हातावर ठेवलें. त्यानें तीनशें सांगितले, आम्हीं शंभरांपासून सुरुवात केली, आणि शेवटीं एकशें ऐंशी रुपयांवर सौदा ठरला. माल स्वस्तांत मिळविल्याच्या आनंदांत, बुटांच्या खोक्याला भोकें पाडून, आम्हीं तें पिलूं घरीं आणलें.

दुसऱ्या दिवशीं आमच्या मातोश्रींनीं त्याच्या अंगावर ओंजळभर पाणी शिंपडलें. तत्काळ त्या खांद्यावरून तांबडा ओघळ वाहूं लागला व वाटींतील पाणी कुंकवासारखें झालें. पहाडी पोपट साध्या पोपटाहून अंगानें थोराड, आणि त्याच्या पंखाच्या खांद्यापाशीं तांबडा डाग असतो; म्हणून साध्या पिलाला रंग फांसून तें पहाडीच्या भावानें आमच्या गळ्यांत बांधलेलें होतें! आम्ही पोट धरधरून हसलों. पुढें कित्येक वर्षें पाहुणे आले म्हणजे ही गोष्ट आम्ही रंगवून सांगत असूं. त्या गोष्टींत फसलेला मनुष्य म्हणजे आम्ही, एवढेंच आम्हांला दिसत असे.

असो. राघू वाढला. तिसऱ्या वर्षीं त्याच्या गळ्याभोंवतीं काळी व गुलाबी कंठी उमटली, तेव्हां तो नर आहे हें समजलें. मिरची खाल्ल्यानें पोपटाची जीभ हलकी होते अशी मातोश्रींची समजूत. त्या त्याला रोज एक हिरवी मिरची देत आणि तो ती पेरूच्या फोडीसारखी सावकाश खात बसे. (मिरचीचा जो दाहक अंश आपल्याला झोंबतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाहीं; ह्यांत राघूचा पराक्रम कांहीं नव्हता.) “कोण आलं?” आणि “चहा झाला का?” हीं दोन वाक्यें तो हुबेहूब मातोश्रींच्या आवाजांत म्हणे. त्याच वर्षीं पावसाळ्यांत आमचे वडील वारले. आम्ही शाळेंत गेल्यावर दिवसभर त्या घरांत त्या दोघांचेंच बोलणें चाले. दर चारसहा महिन्यांनीं, मुलाचे केंस कापावे तसे, आम्ही त्याच्या पंखांचीं मोठीं पिसें कात्रीनें छाटीत असूं. तो ओरडत नसे. पीस तुटतांना दुखत नाहीं, असें आम्ही मातोश्रींना शास्त्राच्या आधारें समजावूनही सांगितलें होतें. तें खरेंच होतें.

आतां वर्गाकडे वळूं. सन २०२३ च्या जून महिन्यांत आठवीच्या वर्गाला आम्ही वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा धडा शिकवीत होतों. भारतांत वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीं झाला, देशी रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीस व निर्यातीस १९९०-९१ पासून बंदी आहे, २०२२ सालीं कायद्याची दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, आपल्याकडील पोपट आतां दुसऱ्या अनुसूचींत आहेत, आणि असा पक्षी धरणाऱ्यास, विकणाऱ्यास वा बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात, हें सर्व आम्हीं मोठ्या ठसक्यानें फळ्यावर लिहिलें. तोंच पुढील बांकावरून एक आवाज आला, “सर, तुमच्या घरी तर पोपट आहे!”

वर्ग खो-खो हंसला. आमचे कान तापले. आम्ही उत्तर शोधीत आहों, इतक्यांत दुसरा एक मुलगा मागच्या बांकाकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, पोपट धरणारे ह्याच्या घरचे आहेत. ह्याचा काका धरतो.” तें बोट आमच्या वसतिगृहांतील एका मुलाकडे होतें. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. सारा हंशा आमच्यावरून उडाला व त्याच्यावर जाऊन बसला. मुलानें मान खालीं घातली.

पुढें जें झालें तें सांगण्यासाठींच खरोखर हा लेख लिहिला आहे. आपल्यावरील नजरा दुसरीकडे गेल्या ह्याचें आम्हांस बरें वाटलें. आणि त्या बरेपणाच्या भरांत आम्ही म्हणालों, “अशा लोकांमुळेंच रान ओस पडतें. कायदा त्यांच्याचसाठीं आहे.” नंतर घंटा झाली.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा तासाला आला नाहीं. मधल्या सुटींत तो क्रीडांगणाच्या टोकाशीं असलेल्या जुन्या शिरिषाखालीं बसलेला दिसला. आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलों. काय बोलावें हें न सुचून आम्हीं त्याच्या काकांविषयीं विचारलें. त्यानें बराच वेळ गवताच्या काडीचे तुकडे केले, मग म्हणाला, “सर, काकाला एका पिल्लाचे पन्नास मिळतात. कधी साठ. तुम्ही किती दिले होते?”

आम्हीं आंकडा सांगितला. त्यानें तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं. पण गणितांत त्याला चांगले गुण असतात, व वजाबाकी त्याच्या चेहऱ्यावर आम्हांस वाचतां आली.

मग तो बोलूं लागला. पक्ष्यांविषयीं आम्हीं पुष्कळ पुस्तकें वाचलीं आहेत. परंतु त्या अर्ध्या तासांत जें ऐकलें तें त्यांपैकीं कोणत्याही पुस्तकांत नव्हतें. माघांत पोपटांचीं जोडपीं झाडांच्या ढोल्या धुंडाळूं लागतात. ढोलीच्या तोंडाची कड चोंचीनें कुरतडून ताजी झाली असेल तर आंत बिऱ्हाड आहे असें समजावें. मादी अंड्यांवर बसली म्हणजे नर येऊन तिला भरवितो. तो किती वेळां येतो हें खालून पाहिलें कीं पिलें निघालीं कीं नाहींत तें समजतें. पिलांना पिसांचे कोंब फुटले कीं चढावयाचें. त्याआधीं नेलीं तर तीं मरतात, आणि नंतर गेलें तर उडून गेलेलीं असतात. हात आंत जात नसेल तर कोयत्यानें ढोलीचें तोंड मोठें करावयाचें. एकदां तोंड मोठें झालें कीं पाऊस, मांजर, साप सर्वांनाच वाट होते. त्या ढोलींत पुढल्या वर्षीं पोपट येत नाहींत. “काका म्हणतो, आधी ह्याच एका ओढ्यावर वीस झाडं लागायची. आता दोन दिवस हिंडलं तर चार मिळतात.” पिलें काढतांना जोडपें डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असतें. पोत्यांत घातलेलीं पिलें एक मोटरसायकलवाला घेऊन जातो. तो कोठें जातो, हें काकाला माहीत नाहीं. काका एकदां पकडला गेला होता. मोटरसायकलवाला कधींच सांपडला नाहीं.

आम्हांला आमच्या पाटीवाल्याची आठवण झाली, व त्याच्याही पुढें उभा असलेला गिऱ्हाईक आठवला.

हा धंदा आजकालचा नव्हे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत क्टेसिअस नांवाच्या ग्रीक वैद्यानें हिंदुस्थानांतील बोलणाऱ्या पक्ष्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे. पहाडी पोपटाला युरोपांतील लोक अलेक्झांडरच्या नांवानें ओळखतात, तें अशाच कारणानें कीं त्याच्या स्वारीबरोबर हे पक्षी पश्चिमेकडे गेले. आज लंडन व ब्रुसेल्स या शहरांच्या बागांतून आपल्या कंठीवाल्या पोपटांचे हजारों वंशज मोकळे उडतात. ते सर्व कोणाच्या ना कोणाच्या पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची संतति होत. परंतु आवड जुनी असली म्हणून धंदा लहान आहे असें कोणीं समजूं नये. पक्षिशास्त्रज्ञ अबरार अहमद यांनीं भारतांतील जिवंत पक्ष्यांच्या व्यापाराचा शोध घेऊन १९९७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. देशांत आढळणाऱ्या सुमारें १,३०० जातींपैकीं जवळजवळ ४५० जाती या बाजारांत येतात, असें त्यांच्या पाहणींत दिसून आलें. ज्या पिलांस पिंजऱ्यांत आपण पाहतों तीं वाटेंतून वांचलेलीं असतात. घुबडांची गोष्ट आणखीच वाईट; लक्ष्मीचें वाहन असलेला तो बिचारा पक्षी दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रवाल्यांच्या हातीं बळी जातो.

पक्ष्यांपलीकडे वाघ आहेत, कासवें आहेत. खवल्या मांजर आहे: मुंग्या-वाळवी खाणारें, भ्यालें कीं चेंडूसारखें गुंडाळून घेणारें हें निरुपद्रवी जनावर, त्याच्या खवल्यांसाठीं मारलें जातें. तीं खवलीं ज्या द्रव्याचीं असतात त्याच द्रव्याचीं आपलीं नखें असतात. मग औषध म्हणून परक्या देशीं जाण्यासाठीं तीं एवढीं महाग कां व्हावीं, हें न उमगणारें कोडें आहे. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथें भरलेल्या परिषदेंत त्याच्या आठही जातींचा देशोदेशींचा व्यापार बंद करण्याचें ठरलें. अशा व्यापारावर नजर ठेवणारा मूळ करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला व भारत त्यांत १९७६ सालीं सामील झाला. तरीही २००४-०५ च्या सुमारास राजस्थानांतील सरिस्का येथें एकही वाघ उरलेला नाहीं असें आढळून आलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं रान रिकामें केलें होतें. त्यानंतर २००७ सालीं वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो स्थापन झाला. हीं सर्व कामें मोठ्यांचीं व सरकारचीं आहेत. आम्हांला येथें आपल्या पडवीबद्दल बोलावयाचें आहे.

पुढल्या तासाला आम्हीं वर्गापुढें उभें राहून त्या मुलाची क्षमा मागितली. हें आम्हीं थोडक्यांत उरकलें, कारण तो अधिकच लाजत होता. मग आम्हीं मुलांना नागालँडची गोष्ट सांगितली. अमूर ससाणा हा पारव्याएवढा लहान ससाणा दर वर्षीं सैबेरिया व उत्तर चीन इकडून निघून, भारतावरून व अरबी समुद्रावरून उडत थेट दक्षिण आफ्रिकेंत जातो. वाटेंत ऑक्टोबरच्या सुमारास नागालँडांतील वोखा जिल्ह्यांत, दोयांग नदीच्या धरणाशेजारीं, त्यांचे लाखों पक्षी विसाव्याला उतरतात. पांगती व आसपासच्या गांवांतील लोक मासे धरण्याचीं जाळीं झाडांमध्यें ताणून त्यांना पकडीत आणि सोलून, धुरावून किंवा जिवंतच बाजारांत विकीत. २०१२ सालीं कांहीं निसर्गमित्रांनीं हें जाऊन पाहिलें व जगापुढें आणलें. एका हंगामांत एक लाख वीस ते चाळीस हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अदमास होता. मग सरकार, ग्रामसभा, चर्चची मंडळी, सर्वच उठलीं. आणि २०१३ च्या हंगामांत, म्हणजे एका वर्षाच्या आंत, तेथें एकही ससाणा मारला गेला नाहीं, असें नमूद आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारीं लहानशीं यंत्रें बसविलीं व त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशीं नांवें दिलीं.

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मागच्या बांकावरील हात वर झाला. “सर, मग त्या लोकांनी खाल्लं काय?”

वर्ग या वेळीं हंसला नाहीं. आम्हीं खरें तें सांगितलें. त्या गांवांचीं शेतें धरणाच्या पाण्याखालीं गेलेलीं होतीं. पक्ष्यांचा हंगाम हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग होता, आणि तो त्यांनीं आपण होऊन सोडला. पुढें पक्षी पाहावयास पाहुणे येऊं लागले, कांहींनीं घरांत त्यांची सोय केली, त्यांतून थोडा पैसा आला. पण तो सर्वांच्या दारीं सारखा पोंचला नाहीं. मुलानें मान हलविली. पांगतीच्या लोकांविषयीं त्याला जो आदर वाटला तो आमच्या व्याख्यानामुळें वाटला नव्हता, हें आम्हांला कळून चुकलें. मुलांनो, तुमच्यांतल्या ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांतील एकाच्याही ताटांतील घांस कमी झालेला नव्हता. आमच्याही नाहीं.

घरीं मात्र आमचें कांहीं चालेना. राघू वन खात्याकडे सोंपवावा असें आम्हीं म्हणतांच मातोश्री म्हणाल्या, “धरणाऱ्यानं धरला, विकणाऱ्यानं विकला, तू विकत आणलास, आणि शिक्षा मात्र मला होय रे?” ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व अद्यापि नाहीं. पिंजऱ्याचें दार उघडून मोकळें व्हावें, हा मार्ग तर बंदच होता. पुष्कळ भले लोक असें करतात व त्याला जीवदान समजतात. वास्तविक जन्मांत न उडालेला, चारा शोधण्यास न शिकलेला, मांजराला न भिणारा पक्षी बाहेर सोडणें म्हणजे त्याला कावळ्यांच्या स्वाधीन करणें होय.

आठवडाभर घरांत अबोला होता. मग एका रविवारीं तो मुलगा शास्त्राची वही दाखविण्याच्या निमित्तानें घरीं आला. मातोश्रींनीं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो खाऊन त्यानें हात पुसले, पिंजऱ्याचें दार उघडलें, व जो राघू आम्हांलाही चावल्याविना सोडीत नसे, त्याला अलगद बाहेर घेतलें. एका हातानें त्याचा पंख उलगडून तो छाटलेलीं पिसें मोजूं लागला. “आजी, हा कधी उडलाय का?”

“घरात फडफडतो की,” मातोश्री म्हणाल्या.

“तसं नाही. उडलाय का?”

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. मुलानें राघूला परत आंत ठेवलें. जातांना त्यानें इतकेंच सांगितलें कीं, पिलूं ढोलींतून पहिल्यांदा बाहेर येतें तेव्हां आई बाहेर फांदीवर बसून बोलावते, आंत येत नाहीं. मंगळवारीं सकाळीं मातोश्रींनीं चहाचा पेला आमच्यापुढें ठेवला व म्हणाल्या, “कधी न्यायचा ते सांग.”

आम्हीं वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि केला, व त्यांनीं सांगितल्याप्रमाणें पिंजरा घेऊन जवळच्या वन कार्यालयांत गेलों. मनांत धास्ती होती. तेथील वनपालांनीं आमचा जबाब लिहून घेतला, राघूचीं नखें पाहिलीं, तीं वाढलेलीं असल्याबद्दल दोन शब्द सुनावले, आणि मग विचारलें, “सर, विकणारा कोण होता तें सांगतां येईल का? आम्हांला तो पाहिजे असतो.” आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. चौदा वर्षें ज्याची गोष्ट रंगवून सांगितली, त्याचा चेहरा कांहीं केल्या आठवेना. बोटांना लागलेला तांबडा रंग तेवढा आठवला.

तीन महिन्यांनीं परवानगी काढून आम्ही मायलेंक उपचार-केंद्रावर गेलों. लांब, उंच, जाळीच्या दालनांत पंचवीस-तीस पोपट होते. राघूचीं पिसें फुटत होतीं. तो एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जाऊं शके, मध्येंच खालीं येई, पुन्हां चढे. तेथील डॉक्टर म्हणाले कीं, इतर बरेच पक्षी हिवाळ्यानंतर रानांत सोडतां येतील. हा बहुधा नाहीं. हा माणसाला माणूस समजतच नाहीं, आपल्याच जातीचा समजतो, कोणीही आलें कीं जाळीशीं येऊन “चहा झाला का?” असें विचारतो. मातोश्रींनीं पदराच्या गांठींतून मिरची काढली. ती देण्याची परवानगी नव्हती. त्यांनीं ती पुन्हां गांठीस बांधली व परतीच्या वाटेवर मोटारीच्या खिडकींतून बाहेर टाकली.

यंदा फेब्रुवारींत आमच्या क्रीडांगणाकडील त्या शिरिषाची एक वाळकी फांदी धोक्याची म्हणून तोडावयाची ठरलें होतें. तोडणारे आले त्या सकाळीं वसतिगृहाचा तो मुलगा धांवत आमच्या खोलीकडे आला. फांदीच्या बुंध्याशीं ढोली आहे, तिची कड ताजी आहे, आणि नर दिवसांतून किती वेळां येतो हें त्यानें वहींत लिहून ठेवलें होतें. आम्हीं त्या पानासह मुख्याध्यापकांकडे अर्ज केला. त्यांनीं त्यावर ‘मेअखेर पाहावें, तोंवर खालून दोरी बांधून मुलांची ये-जा बंद ठेवावी’ असा शेरा मारला. आठवीचीं मुलें आतां नववींत आहेत, तरी त्या दोरीबाहेर आळीपाळीनें त्यांचा पहारा असतो. त्या मुलाचा काका एकदां त्याला भेटावयास आला असतां त्यानें वर पाहून कांहीं सांगितलें, व तें मुलांनीं वहींत टिपून घेतलें, असें ऐकतों. या अंकाचीं मुद्रितें आम्ही तपासीत बसलों असतां तो मुलगा येऊन ढोलींतून दोन तोंडें बाहेर दिसतात असें सांगून गेला. आम्ही चष्मा लावून गेलों; आम्हांला एकच दिसलें.